ग्रंथ कुणाचा आणि डिग्री कशातली

ऑस्ट्रेलियाहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, कांगारू पाहिला का? पाहिला. हायवेच्या कडेला, गाडीखाली येऊन मेलेला. मधुकररावांनी, म्हणजे आमच्या यजमानांनी, मुलीला गाडी हळू करायला लावून त्याला हात जोडले. बाकी सिडनीचा पूल, ते शिंपल्यांसारखं नाट्यगृह, समुद्रातले रंगीत मासे यातलं आम्ही काहीही पाहिलेलं नाही. आम्ही टूवूंबा नावाच्या गावात राहिलो आणि आमचा बराचसा मुक्काम एका म्हाताऱ्या बहीण-भावाच्या भांडणात गेला. मॉर्मन लोकांचा धर्मग्रंथ मुळात कुणी लिहिला, यावर त्यांचं भांडण होतं. नागपूरच्या पालीच्या निवृत्त प्राध्यापिकेचा याच्याशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं.

आइस्क्रीमचा डबा

ब्रिस्बेन विमानतळावरून निघालं की बराच वेळ सपाट रान असतं. मग एकदम चढण लागते, कानांना दडे बसतात, आणि वर पोचावं तो माती लालभडक. डोंगराच्या माथ्यावर टूवूंबा पसरलंय. मोठं इस्पितळ, युनिव्हर्सिटी आणि भोवती शेतंच शेतं. आमची मुलगी प्रज्ञा त्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे. जावई खाणीवर इंजिनिअर, आठवडे-आठवडे तिकडेच. प्रज्ञा सकाळी गाडी घेऊन गेली की आम्ही दोघं घरात अडकलेले, कारण इथे गाडी नसलेला माणूस म्हणजे पाय नसलेला माणूस. बस आहे, पण एक चुकली की दुसरी येईपर्यंत घरी जाऊन भाजी चिरून, फोडणी घालून परत स्टॉपवर येता येतं.

म्हणून आम्ही चालायला निघालो. सप्टेंबर महिना होता. नागपुरात या दिवसांत घामाने जीव जातो. इथे वसंत ऋतू, अंगणाअंगणात फुलं आणि हवेत असा गारठा की मधुकररावांनी माकडटोपीची आठवण काढली. ती आणली असती तर पुढचा प्रसंग टळला असता. कोपऱ्यावरच्या निलगिरीखालून जाताना एक काळा-पांढरा पक्षी मागून सुसाट आला आणि त्यांच्या टकलावर टोच मारून गेला. वळून परत आला. पुन्हा टोच. जलसंपदा खात्यात उपअभियंता म्हणून रिटायर झालेला माणूस दोन्ही हात डोक्यावर घेऊन परक्या देशातल्या रस्त्यावर गोल गोल पळू लागला.

"थांबू नका! पळू पण नका!" असा आवाज आला आणि समोरच्या घरातून एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई आइस्क्रीमचा रिकामा डबा घेऊन धावत आल्या. डब्याच्या मागच्या बाजूला मार्करने दोन मोठे डोळे काढलेले होते. तो त्यांनी यजमानांच्या डोक्यावर उपडा घातला. पक्षी झाडावर जाऊन गप्प बसला.

"मॅगपाय," बाई म्हणाल्या. "पिल्लांचे दिवस आहेत. आपल्याकडे कोणी बघतंय असं वाटलं की तो येत नाही. मी मर्ल. तुम्ही प्रज्ञाचे आई-बाबा ना? आणि तुम्ही डॉक्टर रामटेके!"

हे शेवटचं वाक्य डब्याकडे बघून होतं.

"नो, नो," डब्याखालून उत्तर आलं. "शी इज द डॉक्टर. आय अ‍ॅम ओन्ली हजबंड."

मर्लबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला दोघांनाही आर्व्होला घरी बोलावलं. आर्व्हो म्हणजे दुपार. इथे लोक शब्दसुद्धा अर्धेच बोलतात, उरलेला अर्धा बहुधा उन्हाळ्यासाठी राखून ठेवतात.

चहा नसलेलं घर

दुपारी कुणी घरी बोलावलं म्हणजे चहा, एवढं गृहीत धरून आम्ही घरचा चहा न घेता गेलो. मर्लबाईंनी लाल भोपळ्याचे स्कोन मांडले, म्हणजे आपल्या नानकटाईचे मऊ, गुबगुबीत चुलत भाऊच. लोणी आणि जॅम दिलं. मग दुधात कोकोसारखी पूड घालून तीन कप आणले. मधुकररावांनी कपात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सज्जनपणे प्यायले.

"आमच्यात चहा-कॉफी चालत नाही," त्या म्हणाल्या. "मी मॉर्मन आहे. चाळीसेक वर्षं झाली. धर्मप्रचार करणारी दोन मुलं दारावर आली, मी केक करत होते, म्हटलं बसा. ती बसली, आणि मी उठले ती निराळीच होऊन."

मग त्यांनी विचारलं की मी डॉक्टर कशातली. हा प्रश्न मला नागपुरातही लोक विचारतात, आणि उत्तर ऐकून आपला रक्तदाबाचा कागद परत खिशात ठेवतात. मी सांगितलं, पाली भाषेत. जुने बौद्ध ग्रंथ, त्यांच्या वेगवेगळ्या प्रती, त्यातले पाठभेद. मूळ काय असेल आणि मागून कुणी काय घातलं असेल, ते शोधायचं.

मर्लबाईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे धर्मग्रंथ कुठून आला, हे तुम्ही तपासता?"

"एकाच परंपरेचे," मी म्हणाले. पण तोवर उशीर झाला होता, कारण मागच्या दाराने त्यांचे थोरले भाऊ आत आले. केव्हिन. ऐंशीच्या आसपासचे, रुंद हॅट, हातात थर्मास. जन्मभर गुराढोरांचे लिलाव पुकारण्यात गेलेला माणूस, त्यामुळे खोलीत बोलायचा आवाजच त्यांच्याकडे नव्हता.

"ही आहे का ती?" त्यांनी बहिणीला विचारलं.

"ही आहे," मर्ल म्हणाल्या.

केव्हिन खुर्ची ओढून मधुकररावांच्या शेजारी बसले, थर्मासचं झाकण उघडलं आणि काळाभोर चहा ओतून न विचारता त्यांच्यापुढे सरकवला. "बहिणीकडे येताना मी स्वतःचा आणतो, मेट." त्या क्षणी आमच्या यजमानांनी पक्ष निवडला.

करार

ज्यांना मॉर्मन ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. हा ख्रिस्ती धर्मातून निघालेला एक पंथ. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याच्या तरुण मुलाने सांगितलं की देवदूताने त्याला सोन्याचे पत्रे दाखवले. त्यावर प्राचीन इजिप्शियन वळणाची लिपी होती. दैवी मदतीने त्याने त्याचं इंग्रजी भाषांतर तोंडी सांगितलं, मदतनिसाने लिहून घेतलं, तो झाला ग्रंथ. काम संपल्यावर देवदूत पत्रे परत घेऊन गेला. शिवाय लिहिलेली पहिली पानं एका मदतनिसाने बायकोला दाखवायला घरी नेली आणि ती हरवली. हे ऐकून मला एकदम आपलंसं वाटलं. माझ्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या निम्म्या मुलांनी पहिलं प्रकरण असंच हरवलेलं होतं.

त्याहून मजेची गोष्ट पुढे. तोच मदतनीस लिपीचा नमुना घेऊन मोठ्या शहरातल्या एका नामवंत प्रोफेसरकडे गेला होता. मदतनिसाचं म्हणणं, प्रोफेसरने आधी खरेपणाचं प्रमाणपत्र दिलं आणि देवदूताचं ऐकल्यावर फाडून टाकलं. प्रोफेसरचं म्हणणं, मी असं काही दिलंच नव्हतं. म्हणजे या ग्रंथाच्या जन्मापासूनच विद्वानाचा शिक्का हवा आणि नको, असं चालू आहे. मला त्या प्रोफेसरची फार दया आली. दुपारच्या वेळी कुणीतरी दार वाजवलं असणार बिचाऱ्याचं.

केव्हिन आणि मर्ल दर रविवारी यावर भांडायचे. केव्हिनकडे एक पुस्तक होतं, ज्यात हा ग्रंथ त्या तरुणाने स्वतःच रचला असं सिद्ध केलं होतं. मर्ल म्हणायच्या, लेखकाची डिग्री काय? मर्लकडे एक पुस्तक होतं, ज्यात हा ग्रंथ माणसाला रचणं अशक्य आहे असं सिद्ध केलं होतं. केव्हिन म्हणायचे, लेखक डॉक्टर आहे खरा, पण कशाचा? इथे गाडी अडली होती ती कित्येक वर्षं.

"पण आता अडून चालणार नाही," केव्हिन म्हणाले. "येता सोडून त्याच्या पुढच्या बुधवारी माझं ऑपरेशन आहे. आतड्यात गाठ. डॉक्टर म्हणतात नो वरीज, पण ते घरी जाऊन जेवणार आहेत, टेबलावर मी असणार."

"त्याचा याच्याशी काय संबंध?" मी विचारलं.

केव्हिननी बहिणीकडे बोट केलं. "हिच्या लोकांत मेलेल्या माणसाचा बाप्तिस्मा करतात. जिवंत माणूस त्याच्या वतीने पाण्यात बुडी मारतो. मी मेलो की ही मला मॉर्मन करणार!"

"मी फक्त संधी देणार," मर्ल शांतपणे म्हणाल्या. "तुला नको असेल तर तू तिथे नाही म्हणू शकतोस. तशी मुभा असते."

"चाळीस वर्षं मी इथे नाही म्हणतोय! आता मेल्यावरही तेच काम करायचं?"

मधुकरराव चहात हसले आणि ठसका लागला. पण मी मर्लबाईंच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्या मुळीच हसत नव्हत्या.

केव्हिनना पैज हवी होती. पैज मर्लच्या धर्मात बसत नव्हती, म्हणून तिला करार म्हणायचं ठरलं. मी दोघांच्या लेखकांची लायकी तपासायची. मर्लचा डॉक्टर कुचकामी निघाला तर ती भावाला मेल्यावर हात लावणार नाही. केव्हिनचा लेखक कुचकामी निघाला तर केव्हिन बहिणीला त्या बाप्तिस्म्याची मोकळीक देणार आणि वर एक रविवार तिच्या चर्चला येणार. पंच मीच का? कारण मी ख्रिस्तीही नव्हते आणि मॉर्मनही, आणि बौद्धांना देवाचं काही पडलेलं नसतं असं केव्हिननी कुठेतरी ऐकलं होतं.

घरी आल्यावर प्रज्ञा म्हणाली, "आई, तू कशाला पडतेस यात? ती शेजारीण आहे गं माझी. तुम्ही जाल, मला इथेच राहायचंय."

"माझ्यावर एवढा विश्वास टाकला त्यांनी."

"डिग्रीवर टाकला."

ते मला लागलं. माझे वडील पोस्टात टपाल वाटायचे. आमच्या घरातली पहिली पीएचडी माझी, आणि व्हायव्हा व्हायच्या आधीच त्यांनी दाराला 'डॉ.'ची पाटी लावून टाकली होती. आठवडाभर मी येणाऱ्या-जाणाऱ्यापासून तोंड लपवत होते. व्हायव्हात नापास झाले असते तर ती पाटी उतरवायला ते धजलेच नसते. त्यामुळे डिग्री कशातली, हा प्रश्न माझ्यासाठी कधीच नुसता थट्टेचा नव्हता.

थेर

पुरावा म्हणून मर्लबाई मला रविवारी चर्चला घेऊन गेल्या. मधुकरराव डबा घालून केव्हिनबरोबर गुरांचा बाजार बघायला गेले.

चर्च म्हणजे कॉलेजच्या सभागृहासारखी स्वच्छ, साधी इमारत. पोरं सगळीकडून रडत होती आणि कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं, हे मला आवडलं. प्रसाद म्हणून पावाचे तुकडे आणि चिमुकल्या पेल्यांत साधं पाणी फिरलं. नंतर दारात पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी पट्टी लावलेले दोन तरुण माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवू लागले. पट्टीवर 'एल्डर' असं लिहिलेलं. एल्डर म्हणजे वडीलधारा. आमच्या पालीत त्यालाच 'थेर' म्हणतात, आणि थेर व्हायला भिक्षूला दहा वर्षावास, म्हणजे विहारातले दहा पावसाळे, काढावे लागतात. या थेरांना अजून नीट मिशा फुटायच्या होत्या. एकाच्या गालावर दाढी करताना कापलेलं होतं.

"तुमच्या ग्रंथाचं मूळ तुम्ही कसं ओळखता?" मी त्याला विचारलं. म्हटलं, पंचाने दोन्ही बाजूंना विचारावं.

"वाचून प्रार्थना करायची, मॅम. मग आतून कळतं."

"आणि नाही कळलं तर?"

तो खरोखर विचारात पडला. मग म्हणाला, "मला पहिल्यांदा नव्हतं कळलं. मी आईला सांगितलंच नाही."

मर्लबाईंनी ऐकलं नसल्यासारखं केलं. गाडीत मात्र त्या म्हणाल्या, "चांगलं पोरगं आहे. टिकेल."

व्हरांडा

शनिवारी आर्व्होला सुनावणी झाली. मधल्या दिवसांत मी दोन्ही पुस्तकं वाचून काढली होती आणि प्रज्ञाच्या लॅपटॉपवर दोन्ही लेखकांची कुंडली शोधली होती. मर्लबाईंच्या मागच्या व्हरांड्यात टेबल मांडलेलं. पलीकडे डोंगराची कड तुटून खाली निळी दरी. मी रिकाम्या हाताने कशी जाणार, म्हणून बटाटेवडे तळून नेले होते. केव्हिननी एक खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि दुसरा उचलला.

"जनावर घ्यायचं तर आधी दात बघायचे," ते गरजले. "सुरुवात पंचापासून. डॉक्टर, तुम्हाला इजिप्शियन येतं?"

"नाही."

"हिब्रू?"

"नाही."

"अमेरिकेला गेलात कधी?"

"अमरावतीला गेलीये म्हणून सांग," मधुकरराव हळूच मराठीत म्हणाले.

"मग तुम्हाला येतं काय?"

मी सांगितलं. एका पोथीच्या दहा नकला असल्या तर मी त्यातल्या चुका बघते. बरोबर लिहिलेलं सगळीकडे सारखंच असतं, त्यावरून काही कळत नाही. पण दोन नकलांत एकच विचित्र चूक सापडली तर त्या एका घरातल्या. चूक वंश सांगते.

केव्हिननी मान डोलावली. "म्हणजे गुराच्या कानाची खूण," ते म्हणाले. "पास. पुढचा."

पुढचा त्यांचाच होता. पुस्तकाच्या पाठीवर लेखकाचं वर्णन 'स्वतंत्र संशोधक' असं होतं. हा शब्द मला नागपूरपासून माहीत आहे. निवृत्तीनंतर फायली बगलेत मारून आमच्या विभागात येणारे सगळे स्वतंत्र संशोधक असतात.

"हा गृहस्थ बाथरूमच्या फरशा बसवायचा," मी वाचून सांगितलं.

"ऐकलंस?" मर्ल म्हणाल्या. "फरशा!"

"उत्तम बसवत असणार," केव्हिन म्हणाले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

मग मर्लचे डॉक्टर. पुस्तकावर नावापुढे पीएचडी मोठ्या अक्षरात, विषय कुठेच नाही. मी घसा साफ केला. मर्लबाईंकडे बघवत नव्हतं. "यांची डॉक्टरेट मेंढ्यांच्या चाऱ्यावर आहे."

केव्हिन टेबलावर हात आपटून इतके हसले की पलीकडच्या झाडावरचे पोपट उडाले. "चारा! अरे, मग माझ्याकडे यायचं ना! चाळीस हजार मेंढ्या विकल्यात मी!"

"चार हजार," मर्ल म्हणाल्या.

"मुद्दा तो नाही!"

"मुद्दा हाच आहे, केव्ह," त्या उभ्या राहिल्या. "तुझ्या फरशीवाल्याला शाळा नाही, तरी त्याचं ऐकायचं. आणि आमच्या प्रेषिताला शाळा नव्हती म्हणून त्याचं ऐकायचं नाही?"

"तूच तर म्हणतेस त्याला शाळा नव्हती म्हणून त्याचं खरं! आणि माझ्या माणसाला शाळा नाही म्हणून त्याचं खोटं!"

दोघंही एकमेकांकडे बघत उभे राहिले. एवढ्या वर्षांच्या भांडणात दोघं भाऊ-बहीण नकळत एकमेकांच्या खुर्चीत जाऊन बसले होते, आणि ते दोघांच्या एकदमच लक्षात आलं. मधुकररावांनी हळूच एक वडा घेतला.

"बसा," मी म्हणाले. वर्गात वापरायचे तोच आवाज निघाला, आणि आश्चर्य म्हणजे दोघंही बसले. "निकाल देते. दोघांच्याही डिग्र्या इथे चालत नाहीत. दोघंही नापास. पण पुस्तकं मी वाचली आहेत. फरशीवाल्याने एक गोष्ट फार नीट पकडलीये: ग्रंथात जुन्या इंग्रजी बायबलच्या भाषांतरातल्या चुकाही जशाच्या तशा येतात. माझ्या विद्यार्थ्याने हे दाखवलं असतं तर मी खूश झाले असते. आणि चारावाला विचारतो की एका अर्धशिक्षित तरुणाने एवढा मोठा मजकूर इतक्या थोड्या दिवसांत, मागची पानं न बघता तोंडी कसा सांगितला? याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडेही अक्षर न शिकलेल्या भिक्षूंनी कित्येक पिढ्या ग्रंथ तोंडपाठ ठेवले, पण तो पुरावा म्हणून इथे लावता येत नाही. मूळ प्रत गेलेली आहे. मूळ नसताना मी शपथेवर काही सांगणार नाही. म्हणजे तिसरी नापास मी."

हे म्हणताना गंमत वाटली नाही. आयुष्यभर ज्या 'डॉ.' या एका अक्षराच्या जोरावर मी ताठ चालले, ते डोंगराच्या या कडेवर कुणाच्याच कामी येत नव्हतं.

"मग कराराचं काय?" केव्हिननी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता. लिलाव पुकारणाऱ्या माणसाला हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "बुधवारी मी झोपणार. उठलो नाही तर ही काय करणार?"

मर्लबाईंनी टेबलक्लॉथची सुरकुती सारखी केली. "केव्ह, मी तुला एक सांगितलेलं नाही. मम आणि डॅडचं केलंय मी. ब्रिस्बेनच्या देवळात. ममसाठी मी पाण्यात उतरले, डॅडसाठी माझा नवरा रॉन, तो असताना."

केव्हिन हलेनात. "डॅडचं?"

"हो."

"आपल्या डॅडचं? जो पाद्र्याला गेटच्या आत येऊ द्यायचा नाही?"

"हो. आणि बिलीचंही."

बिली कोण, हे मला मागाहून कळलं. सगळ्यांत धाकटा भाऊ, बंधाऱ्यात बुडून लहानपणीच गेलेला. केव्हिन उठून कठड्यापाशी गेले आणि दरीकडे तोंड करून उभे राहिले. आम्हाला त्यांची फक्त पाठ दिसत होती. आता स्फोट होणार, असं वाटून मी मधुकररावांना डोळ्यांनी निघायची खूण केली.

"म्हणजे तुझ्या हिशेबाने," केव्हिन पाठमोरेच म्हणाले, "सगळे तिथे बसलेत. मम, डॅड, बिली, रॉन. आणि मी एकटा बाहेर."

"मला ते नकोय," मर्ल म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. "पुस्तकं गेली खड्ड्यात. मला तेवढंच नकोय."

मग केव्हिन वळले, येऊन बसले, आणि थर्मासमधला थंड चहा एका दमात प्यायले.

"विचार," ते म्हणाले. "मेल्यावर विचार मला. परवानगी आहे. पण माणूस मधे घालायचा नाही, तू स्वतः यायचं. आणि मी तोंडावर नाही म्हणणार."

"चालेल," मर्ल म्हणाल्या.

मग केव्हिन माझ्याकडे वळले. "तुमच्यात काय होतं, डॉक्टर? मेल्यावर?"

मी म्हटलं, आमच्यात आत्माच मानत नाहीत, त्यामुळे विचारायला समोर कुणी नसतं.

"बरंय तुमचं," ते म्हणाले आणि शेवटचा वडा खाल्ला.

इस्पितळ

बुधवारी मर्लबाईंनी मला सोबत मागितली. प्रज्ञा तिथेच कामावर होती, पण तिचे पेशंट होते, आणि वाट बघणं हे एकट्याने करायचं काम नाही. आम्ही दोघी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. त्यांनी मला बिलीबद्दल सांगितलं. मी त्यांना माझ्या वडिलांच्या पाटीबद्दल सांगितलं. त्यांना ती फार आवडली. "त्यांना आधीच माहीत होतं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, त्यांना काही माहीत नव्हतं, त्यांची नुसती श्रद्धा होती.

दुपारी सर्जन आले, मास्क हनुवटीवर घेऊन. गाठ पूर्ण निघाली होती. मर्लबाईंनी त्यांचे आभार मानले आणि लगेच विचारलं, "तुमचं शिक्षण कुठलं?" त्या बिचाऱ्याने खरंच सांगितलं.

केव्हिनना वॉर्डात आणल्यावर आम्हाला थोडा वेळ आत जाऊ दिलं. नळ्या लावलेल्या, हॅट नसलेलं डोकं उशीवर अगदी लहान दिसत होतं. मर्लबाई खाली वाकल्या. त्यांनी त्या दिवशी पांढरा स्वेटर घातला होता आणि मागच्या खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. केव्हिनच्या पापण्या हलल्या. भुलीतून अर्धवट बाहेर आलेल्या डोळ्यांनी त्यांनी बहिणीला बघितलं, भोवतीचा पांढरा उजेड बघितला, आणि कपाळाला आठी घातली.

"नाही," ते म्हणाले. आवाज खरखरीत, पण ठाम. "मर्ल, नाही म्हणजे नाही."

मर्लबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला शेजारी उभं राहूनही कळलं नाही.

"केव्ह," त्या म्हणाल्या, "अरे, हे टूवूंबा आहे."

केव्हिननी थोडा विचार केला.

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि बहिणीचा हात धरून पुन्हा झोपून गेले.